शुक्रवारचं नाव

"काळा रंग ज्याला कुणाला सुचला," आई पुटपुटली, "त्याला आमच्या चेमूलचा एक पावसाळा काढायला लावायला हवा होता."

डगल्याचं दुसरं टोक धरून मी तिच्या इतकी जवळ उभी होते, की हे बोलणं माझ्याखेरीज कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिलाही तेच हवं असावं. रिठ्याच्या पाण्यात बुडवलेल्या काथ्याने ती बाबांच्या डगल्यावरची बुरशी खरवडत होती. पावसाळा संपून किती दिवस झाले होते, पौषातलं ऊन पडलं होतं, तरी बगलेतले पांढरे ठिपके जायला तयार नव्हते.

"हळू बोल," मी म्हटलं. "बाबा आत आहेत."

"असू देत. बगदादची हवा कोरडी. तिथे काळा काय नि पांढरा काय. धर नीट, लोंबतंय."

माझे बाबा चेमूलच्या मशिदीचे खतीब होते. म्हणजे शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी मिंबराच्या पायऱ्या चढून खुतबा द्यायचा, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या आणि शेवटी खलिफाचं नाव घेऊन त्याच्या दीर्घायुष्याची दुआ मागायची. काळा रंग हा खलिफांच्या घराण्याचा. त्यांच्या पूर्वजांनी आधीच्या घराण्याकडून गादी हिसकावली तेव्हा ते काळे झेंडे घेऊन आले होते. आधीच्या घराण्यातले जे हाती लागले त्यांचं काय केलं, ते बाबा सांगत नसत, आई विचारायची तेव्हा म्हणत, "जुनी गोष्ट आहे." तेव्हापासून जिथे जिथे त्यांचं नाव घेतलं जाई तिथला खतीब काळा डगला घाली. चेमूलवर राज्य मान्यखेटच्या राजाचं. बंदर त्याचं, हत्ती त्याचे, आमच्या अरबांच्या वस्तीवरचा प्रमुखही त्यानेच नेमलेला. त्याला हुनरमन म्हणत. फक्त शुक्रवारी घटकाभर, झावळ्यांनी शाकारलेल्या त्या मशिदीत, बगदादचं राज्य असे.

मी जन्मले त्याच्याही आधीपासून त्या दुआत एकच नाव होतं. मुक्तदिर. आईला बाकीचा खुतबा फारसा कळत नसे. तिची अरबी बाजारापुरती. ती नावा शिवणाऱ्या घरातली, इथल्या मातीतली. लग्नात तिचं नाव बदललं, देव बदलला, भाषा काही पूर्ण बदलली नाही. पण बायकांच्या बाजूला, चटईच्या पडद्याआड ती त्या एका नावासाठी कान टवकारून बसे. नाव आलं की तिचे खांदे खाली येत.

कारण माझा थोरला भाऊ इद्रीस बगदादला होता. गलबतावर चढून बसऱ्याला गेला, तिथून बगदादला, आणि उंच, काटक, न थकता चालणारा म्हणून खलिफाच्या घोड्याच्या रिकिबीजवळ चालणाऱ्या सेवकांत लागला. दर हंगामाला मर्दान नाखवा पहिलं गलबत घेऊन यायचा आणि काठावरूनच ओरडायचा, "उम्म इद्रीस, तुझा मुलगा बरा आहे. खलिफाच्या घोड्याहून जास्त खातो." अरबांच्यात बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. इद्रीसची आई, उम्म इद्रीस. आईला तिच्या बदललेल्या नावापेक्षा ही हाक फार आवडायची.

आणि तिचा हिशेब सरळ होता. इद्रीस खलिफाच्या घोड्याला चिकटून चालतो. खलिफाचं नाव दर शुक्रवारी घेतलं जातं. म्हणजे खलिफा आहे. म्हणजे घोडा आहे. म्हणजे इद्रीस आहे.

"अगं, तसं नसतं," बाबा म्हणत. "नाव आम्ही इथे घेतो. तिकडचं तिकडे."

"तुम्ही घेत राहा," ती म्हणे.

डगला वाळत घालत होतो तेवढ्यात बंदराकडून पोरं ओरडत आली की नाखव्याचं गलबत खाडीच्या तोंडाशी दिसतंय. आईने काथ्या तसाच टाकला. आम्ही दोघी काठावर पोचलो तेव्हा शीड उतरवत होते. हंगामातलं पहिलं गलबत खाडीत शिरताना ढोल वाजतो, ही रीत. काठावरचे लोक त्या ढोलावर टाळ्या वाजवतात, हमाल शिट्ट्या मारतात, एखादा म्हातारा नाचूनही घेतो. त्या दिवशी ढोल वाजला नाही. गलबत नुसतंच आलं. वल्ह्यांचा आवाज ऐकू येत होता.

"ढोल फुटला असेल," शेजारची एक बाई म्हणाली.

नाखवा उतरला. दाढीला मेंदी लावलेला ठेंगणा, बडबड्या माणूस. तो आमच्याकडे न बघता बाबांकडे गेला, त्यांचा हात धरून बाजूला घेऊन गेला आणि कानाशी लागून बोलला. बाबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी एकदा मागे वळून आईकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

आई पाण्यात पाय घालून पुढे गेली. "मर्दानदादा, माझा मुलगा कसा आहे?"

नाखव्याने दोराच्या गुंडाळीकडे पाहिलं. "मी बसऱ्यापर्यंतचा माणूस, बाई. बगदादला जात नाही."

"मागच्या वर्षीही बसऱ्यापर्यंतच गेला होतास."

"मागच्या वर्षी बगदादची माणसं बसऱ्याला येत होती," तो म्हणाला. मग हमालांवर खेकसला आणि निघून गेला.

तो तिला 'बाई' म्हणाला, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बाबा पाहुण्याला घेऊन आले. परगावचा माणूस, ज्याची इथे पेढी नाही, वखार नाही, सोबतही नाही, तो खतीबाच्या घरी उतरतो. ही आमच्या वस्तीची जुनी चाल. पण बाबा पाहुण्याच्या चार पावलं पुढे, जवळजवळ धावत आले. आईला आणि मला मागच्या दारी ओढलं.

"ऐका. हा माणूस कोण आहे ते नाखव्यालाही माहीत नाही. गलबत सुटताना चढला. माल नाही, गडी नाही, नमाजाला सगळ्यांच्या मागे उभा राहतो आणि कोण कोण आहे ते बघत असतो. नाखव्याला वाटतं हा बगदादचा डोळा आहे."

"कुणाचा डोळा?" मी विचारलं.

"सरकारचा. कुठल्या बंदरात कोण काय बोलतं ते टिपणारा." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तिकडे वारा फिरलाय. जुन्या माणसांची धरपकड चाललीय. त्यांच्या नात्यातल्यांचीही. या माणसापुढे इद्रीसचं नाव काढायचं नाही. आपल्याला एकच मूल आहे. लुबना."

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही.

"वारा कुठला फिरला?" तिने विचारलं.

"वारा म्हणजे... वारा. नंतर सांगतो."

"आणि मला काय हाक मारणार लोक?"

"मी वस्तीत सांगितलंय," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "चार दिवस उम्म लुबना."

मी आजवर आयुष्यात बऱ्याच गोष्टींसाठी बाबांना माफ केलं. त्यांच्या त्या वाक्यासाठी माफ करण्यासारखं काही नव्हतं, घाबरलेला माणूस जे करील तेच ते करत होते. पण आईने पदर डोक्यावर नीट घेतला आणि "बरं" म्हणाली, तेव्हा ती मला एकदम कुणाचीच कुणी नसल्यासारखी दिसली.

पाहुणा दारात आला. हय्यान त्याचं नाव. इद्रीसच्याच वयाचा असावा. पण डोळ्यांखाली इतकं काळं की आधी मला तो म्हातारा वाटला. उंबऱ्याशी उभं राहून त्याने सलाम केला, मान वर केली, आणि त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर पडली. इद्रीस सगळा आईच्या तोंडावळ्याचा. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया. हय्यानने नजर खाली घातली. परक्या बाईपुढे पुरुष घालतात तशी नाही. काही सांडल्यावर माणूस जमिनीकडे बघतो, तशी.

"ही माझी बायको, उम्म लुबना," बाबा मोठ्याने म्हणाले. "ही मुलगी. आम्हाला एवढंच मूल."

हय्यानने बाबांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

"अल्लाह तिला राखो," तो म्हणाला.

जेवायला आईने नारळाच्या रसातलं माशाचं कालवण केलं होतं, आमसूल घालून. केळीच्या पानांवर भात वाढला. आता मला आमच्या घरातली एक विचित्र चाल सांगितली पाहिजे. पहिला घास तोंडात घालायचा नाही; तो बोटांनी दाबून पानाच्या वरच्या कडेला ठेवायचा आणि जेवण झालं की कुंपणावर कावळ्याला घालायचा. ही आईच्या माहेरची रीत. बाबांनी सुरुवातीला पुष्कळ समजावलं होतं, "अगं, हे आपल्यात नाही." आई म्हणाली होती, "तुमच्यात काय आहे नि काय नाही ते कावळ्याला कुठं ठाऊक? त्याला भूक लागते." पुढे बाबांनी नाद सोडला. आम्ही दोघं भावंडं बोलायला लागायच्या आधी घास काढायला शिकलो. इद्रीस तर जमिनीवर काही खायला बसला तरी, बोरं असली तरी, एक बाजूला काढायचा.

हय्यानने बिस्मिल्लाह म्हटलं. भात कालवला. पहिला घास दोन बोटांनी दाबून पानाच्या वरच्या कडेला ठेवला आणि जेवू लागला.

मला वाटलं, पाहुण्याला घासात काटा लागला असावा.

आई कालवण वाढत होती. तिचा हात थांबला. रस भाताबाहेर पानावरून ओघळून जमिनीला लागला तरी पळी तशीच कलती होती.

"हात ओला होता," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते पाहुण्याला मिरीच्या वेलाविषयी सांगत होते, घसा बसेपर्यंत, मधे गप्प राहायला जागाच राहू नये असं. जेवणं झाल्यावर आईने पानं उचलली. त्या एका पानावरचा घास तिने तळहातावर घेतला आणि मागच्या कुंपणापाशी गेली. माझं खरकटं काढून झालं, शेण फिरवून झालं, तरी ती तिथेच होती. एरवी ती कावळ्याला नातेवाइकासारखी हाक मारायची. त्या दिवशी हाक मारली नाही. घास हातातच धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळीच हुनरमन आला. मोठा माणूस, मोठं पोट, राजाच्या दरबारी बसून बसून बोलणं इतकं गुळगुळीत झालेलं की हाती काही लागत नसे. पाहुणा हमामखान्याकडे गेला होता. आई आणि मी आत तांदूळ निवडत होतो. ओटीवरचं सगळं ऐकू येत होतं.

"तर खतीब, उद्या शुक्रवार."

"हो."

"नाखव्याने सांगितलंच आहे. वारा फिरलाय."

"ऐकलं."

"मग उद्या खुतब्यात..." हुनरमनने पाय हलवल्याचा आवाज आला. "नवीन नाव यावं. काहिर. आधीच्यांचे भाऊ. घराणं तेच. चिंतेचं कारण नाही."

"भाऊ गादीवर असतील," बाबा म्हणाले, "तर आधीचे कुठे आहेत?"

"गादी एकच असते, खतीब."

"म्हणून विचारतो. गादीवरून उतरवलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. तुम्हीही विचारू नये. पण तुम्ही उद्या जुनं नाव घेतलंत आणि तुमच्या घरातल्या त्या पाहुण्याने ते बसऱ्याला कळवलं, तर पुढच्या हंगामात चेमूलची गलबतं तिकडे बांधून ठेवतील. माणसांसकट. शेजाऱ्यांची पोरं आहेत त्यांवर."

"आणि नवं नाव घेतलं तर?"

"तर काही नाही. सगळं होतं तसं."

बाबा हळू म्हणाले, "तसं कसं राहील? तिला कळेल ना. तिला त्या खुतब्यातला तेवढाच एक शब्द कळतो."

माझा हात सुपात थांबला. आई निवडत होती. खडा काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला.

हुनरमन गेला. थोड्या वेळाने पाहुणा आला. बाबांनी त्याला ओटीवरच बसवलं, ताडगूळ आणि पाणी दिलं.

"हय्यान," ते म्हणाले, "तू आत्ता तिकडून आलायस. मी इथे जगाच्या काठावर. उद्या दुआत मी कुणाचं नाव घ्यावं?"

पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जो हयात आहे त्याचं," पाहुणा म्हणाला.

"हयात कोण आहे?"

"खतीब तुम्ही आहात."

"आणि मी चुकलो तर तू काय करशील?"

"तर मला पुढचं गलबत पकडावं लागेल," तो म्हणाला. "जितक्या लांब जाईल तितकं बरं."

बाबा आत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, पौष महिन्यात. ते थेट कोठीच्या खोलीत जाऊन अंधारात बसले. त्यांनी ऐकलं ते असं की पाहुणा बसऱ्याला जाऊन चहाडी करणार. मी म्हणेन त्यांचा दोष नाही. मीही तेच ऐकलं. हय्यान पुढे चेमूलमध्येच राहिला, म्हातारा झाला, आणि कधीतरी हसत हसत त्याने सांगितलं की त्या दिवशी तो स्वतःच्या जिवाच्या भीतीने बोलत होता. खतीब आपल्याकडून काढून घेतोय, असं त्याला वाटलं. जुन्या मालकाचे आपण नोकर आहोत हे तोंडातून निसटलं की हा हुनरमनला हाक मारणार. ज्या घराच्या आशेने तो समुद्र ओलांडून आला होता, त्या घराने दारातच सांगितलं होतं की आम्हाला एवढंच मूल. त्याने त्याचा अर्थ लावला, आम्ही आमचा. एकाच ओटीवर बसून दोन माणसं एकमेकांना सरकार समजत होती.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मला फक्त एक गोष्ट सुचली आणि मी ती घेऊन विहिरीवर आईकडे पळाले.

"आई, काल तो पाहुणा. त्याने घास काढला."

"काढला."

"बगदादचा माणूस कावळ्याला घास काढतो? त्याला दादानेच शिकवलं असणार. ते दोघं एका ताटात जेवले असणार, कितीतरी दिवस. म्हणजे तो सरकारचा कुणी नाही. आई, त्याला दादा माहीत आहे. आपण विचारू या त्याला."

ती दोर ओढत होती. घागर वर आली, ती तिने काठावर टेकवली आणि तिच्यात वाकून बघत राहिली.

"लुबना," ती म्हणाली, "ज्याच्याकडे बरं सांगण्यासारखं असतं ना, तो उंबऱ्यावरच सांगतो. पाय धुवायलासुद्धा थांबत नाही."

"पण तो घाबरला असेल. बाबांनी दारातच—"

"घाबरला म्हणून तोंड मिटेल. डोळे मिटत नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हाच..." तिने घागर कमरेवर घेतली. "आता हे पुन्हा बोलायचं नाही. बाबांपुढे तर नाहीच."

"का? त्यांनाही कळायला हवं."

"त्यांना कळलेलंच आहे गं. पण ते अजून कुणी बोललेलं नाही. उद्या त्यांना मिंबरावर उभं राहायचंय. न बोललेलं घेऊन माणूस उभा राहू शकतो."

मग त्या घरात दोन माणसं एकमेकांना वाचवत वावरली. बाबा आईपुढे मोठमोठ्याने खोकत, आलेल्या गलबतावरच्या खजुरांची तारीफ करत. आई म्हणे, "हो का, फारच गोड असतील." डगला तिनेच घडी करून त्यांच्या हातात दिला. एरवी त्यावर एखादा टोमणा ठरलेला. त्या शुक्रवारी तिने फक्त बाबांच्या खांद्यावरची सुरकुती हाताने सपाट केली आणि हात जरा जास्त वेळ तिथे ठेवला.

मशीद भरलेली होती. गलबतावरचे सगळे खलाशी, वखारींचे मालक, मलबारला पुढे जाणारे दोघे-तिघे. हुनरमन पहिल्या रांगेत. हय्यान सगळ्यांत मागे, खांबाला पाठ लावून, दाराजवळ. चटईच्या फटीतून मला तो आणि मिंबर दोन्ही दिसत होते. आई माझ्या शेजारी. बाकीच्या बायका नेहमीप्रमाणे कुजबुजत नव्हत्या. त्यांना त्यांच्या नवऱ्यांनी काय सांगितलं होतं कोण जाणे. पण सगळ्या आईपासून थोडं थोडं अंतर सोडून बसल्या होत्या.

बाबा पायऱ्या चढले. काठी टेकली. त्यांचा आवाज सुरुवातीला ठीक होता. पहिला खुतबा त्यांनी मृत्यूवर दिला. म्हणजे कुणाच्या नाही, सर्वसाधारण मृत्यूवर, वर्षातून चारदा देत तसाच. मग ते क्षणभर बसले, जसं बसायचं असतं, आणि पुन्हा उठले. दुसरा खुतबा लहान असतो. त्यात दुआ.

"हे अल्लाह," बाबा म्हणाले, "साऱ्या मुसलमानांना क्षमा कर. पाऊस वेळेवर पाड. समुद्रावर असलेल्यांना घरी आण."

आमीन, सगळे म्हणाले.

"हे अल्लाह, मदत कर आणि दीर्घायुष्य दे तुझ्या दासाला, तुझ्या खलिफाला, श्रद्धावंतांच्या अमीराला..."

इथे नाव येतं.

बाबा थांबले. काठीवरची त्यांची बोटं मला दिसत होती. हुनरमनने मान वर केली. नाखवा जमिनीकडे बघत होता. मागे हय्यान खांबापासून सुटून उभा राहिला आणि त्याने दाराकडे एक पाऊल टाकलं.

"...अमीराला," बाबा पुन्हा म्हणाले.

त्यांचे ओठ एका नावासाठी जुळले, सुटले, दुसऱ्यासाठी जुळले. कुठलाच आवाज आला नाही. जुनं नाव घेतलं तर बायकोशी खोटं, आणि शेजाऱ्यांच्या पोरांच्या गळ्याला फास. नवं घेतलं तर मुलगा गेला. आपल्याच तोंडाने, सगळ्या गावासमोर. ते पडद्याकडे बघत होते. त्यांना आई दिसत नव्हती, तरी नेमकी ती जिथे बसली होती तिथेच बघत होते.

खुतबा चालू असताना बोलायचं नसतं. शेजारी बोलत असला तर त्याला 'गप्प बस' म्हणणंही वर्ज्य. म्हणणाऱ्याचा शुक्रवार वाया जातो. त्यामुळे आई उठली, तिने चटईचा पडदा हाताने बाजूला सारला आणि ती पुरुषांच्या रांगांच्या मागे जाऊन उभी राहिली, तेव्हा तिला थांबवण्याची कुणाला सोय नव्हती. हुनरमनचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"अहो," ती म्हणाली, घरात म्हणते तशीच. मग तिच्या मोडक्या बाजारी अरबीत, दाराशी पोचलेल्या पाहुण्यालाही कळावं अशी, एकेक शब्द शोधत:

"घ्या नवं नाव. जुना मारला गेलाय. हा पोरगा सांगायला घाबरतोय, तुम्ही ऐकायला घाबरताय. मी इद्रीसची आई आहे, मी सांगते. आपला इद्रीस त्याच्या घोड्याजवळच होता. तोही गेला."